बरणीच्या काठचं पाणी

चेंगडूत पोचून आम्हाला चार दिवस झाले होते. सप्टेंबर २०११. भाषेचा एक शब्द येत नव्हता, घरातले डबे रिकामे होते, म्हणून पिशवी घेऊन मी घरामागच्या भाजीबाजारात शिरले. मुळे, आलं, कोथिंबीर, दुधी, चवळीच्या शेंगा, सगळं आपलंच दिसत होतं आणि तरी परकं वाटत होतं. मसाल्याच्या गाळ्यापाशी आले आणि पाय थबकले. तिरफळाचा वास! पोत्यात तांबूस, तडकलेल्या टरफलांची रास होती आणि तिच्यातून थेट माझ्या आजीच्या चुलीवरच्या बांगड्याच्या तिखल्याचा वास येत होता.

माझं माहेर कुडाळचं. पावसाळा सरला की आमच्या अंगणात तिरफळं वाळत पडायची. टरफलं ठेवायची आणि आतल्या काळ्याभोर, चकचकीत बिया वेचून टाकायच्या, हे काम आम्हा मुलांचं. या पोत्यातल्या बियाही तशाच काढून टाकलेल्या होत्या. गाळ्यावरच्या बाईंनी एक टरफल माझ्या तळहातावर ठेवलं आणि चावून बघ अशी खूण केली. जीभ झिणझिणली, मग बधिर झाली. आपल्या तिरफळापेक्षा हा बधिरपणा कितीतरी जास्त, पण कूळ तेच. तिथे त्याला ह्वाज्याओ म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानेही ही दोन्ही झाडं झँथोझायलम या एकाच प्रजातीतली आहेत. पावशेर ह्वाज्याओ घेऊन घरी आले तेव्हा चार दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

त्यानंतर आम्ही त्या शहरात जवळजवळ तीन वर्षं राहिलो. माझ्या नवऱ्याची तिथे यंत्रसामग्री बसवण्याच्या कामावर नेमणूक होती. परत आल्यापासून लोक विचारतात, चीनमध्ये दिवस कसे काढले? मला या प्रश्नाचं वाईट वाटतं, कारण ते दिवस काढायचे नव्हतेच, ते जगायचे होते. मात्र चीन हा देश मला कळला असं मी म्हणणार नाही. माझा चीन म्हणजे एका सहा मजली इमारतीचा जिना, एक बाजार, एक बाग आणि एक नदी. तेवढ्याबद्दलच लिहिते.

चेंगडू ही सिचुआन प्रांताची राजधानी. आपल्याकडच्या गाड्यांवर 'शेजवान' म्हणून जे मिळतं त्या नावामागचा हाच प्रांत. त्या लालभडक, लसणीच्या चटणीशी तिथल्या स्वयंपाकाचा संबंध नाही. तिथली चव दोन शब्दांत सांगतात: 'मा' म्हणजे जीभ बधिर करणारी आणि 'ला' म्हणजे तिखट. 'मा' ह्वाज्याओची, ती तिथल्या मातीतली, फार जुनी. 'ला' मिरचीची, आणि मिरची तिथेही आपल्यासारखीच पाहुणी. अमेरिका खंडातून निघालेली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली, चीनच्या किनाऱ्यावर ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचली आणि डोंगरांआडच्या सिचुआनमध्ये रुळायला तिला आणखी दीडेकशे वर्षं लागली. माझ्या सासरचं गाव धुळे जिल्ह्यातलं साक्री. खान्देशी माणसाला तिखटाची भीती कुणी घालावी? नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात भर बाजारात मापो तोफू मागवून चाटूनपुसून खाल्लं आणि आजूबाजूच्या टेबलांवरच्या लोकांनी त्याला अंगठे दाखवले.

आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. आम्ही पाचव्या मजल्यावर आणि समोरच्या दारात एक साठीच्या बाई राहायच्या. कापडगिरणीतून निवृत्त झालेल्या. चेंगडूत मावशीच्या वयाच्या कुठल्याही बाईला 'न्यांगन्यांग' म्हणतात. भाजीवालीला, शेजारणीला, बसमध्ये शेजारी बसलेलीला, सगळ्यांना. आपल्याकडे भाजीवालीला मावशी म्हणतो अगदी तसं. मीही त्यांना न्यांगन्यांगच म्हणे आणि त्या मला पोरीच्या नात्याने हाक मारत. जिन्यात भेट झाली की पहिला प्रश्न, 'जेवलीस का?' मी म्हटलं, हे तर आमच्या घरचंच. निरोपाचे शब्दही घरचेच निघाले. कुणी निघालं की त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, 'मान झोउ हा!' मान म्हणजे सावकाश, झोउ म्हणजे जा, आणि शेवटचा 'हा' हे सिचुआनी बोलीचं शेपूट. सावकाश जा हं! तो 'हं' ऐकला की मला परदेशात आहोत याचा विसर पडायचा.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक बरणी होती. गुडघ्याएवढी उंच, तपकिरी चकाकी असलेली, पोट सुटलेली. आपण लोणच्याच्या बरणीला चिनी मातीची म्हणतो, तेव्हा बरणी बघून मी सुखावलेच. पण तिचं तोंड निराळं होतं. गळ्याभोवती ताटाच्या काठासारखी एक खोलगट पन्हळ. त्या पन्हळीत पाणी भरायचं आणि वरून वाडग्यासारखं झाकण असं पालथं घालायचं की त्याची कड पाण्यात बुडेल. बाहेरची हवा आत येत नाही, आतली मात्र बुडबुड्यांवाटे बाहेर पडते. रात्री दिवे मालवले की मधूनच 'गुडुप' असा आवाज यायचा. बरणी बोलते आहे, म्हणजे ती जिवंत आहे, असं न्यांगन्यांग म्हणायच्या.

हे तिथलं रोजचं लोणचं, पाओत्साय. ना तेल, ना मोहरी. उकळून गार केलेलं पाणी, मीठ, ह्वाज्याओ, आलं, सुक्या मिरच्या, खडीसाखरेचा खडा आणि थोडी धान्याची दारू. या पाण्यात मुळा, कोबी, गाजर, चवळीच्या शेंगा, जे हाती येईल ते टाकायचं. मुळ्याच्या चकत्या आज रात्री टाकल्या की उद्या सकाळी पेजेबरोबर खायला तयार. शेंगांना मात्र आठवडा-दोन आठवडे लागतात. भाजी संपते, नवी पडते, पाणी तेच राहतं. न्यांगन्यांगच्या बरणीतलं पाणी त्यांच्या सासूच्या हातचं होतं. घर बदललं, गिरणी बंद पडली, मुलगा मोठा झाला, पाणी चालू राहिलं. नवीन बरणी लावताना जुन्यातलं वाटीभर पाणी घालावं लागतं. मी म्हटलं, हे तर विरजण! तो शब्द त्यांना समजावून सांगायला माझा अख्खा आठवडा गेला, पण दूध, वाटी आणि रात्र एवढ्या तीन चित्रांवरून अखेर त्यांना ते कळलं आणि त्यांनी माझ्या हातावर टाळी दिली.

बरणीचे नियम कडक होते. तिच्यासाठी वेगळ्या लांब काड्या, त्या दुसऱ्या कशालाही लावायच्या नाहीत. ओला हात नाही. तेलाचा तर स्पर्शसुद्धा नाही. पन्हळीतलं पाणी आटू द्यायचं नाही आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. वर पांढरी बुरी आली तर घाबरायचं नाही, चमचाभर दारू ओतायची आणि दोन दिवस वाट बघायची. माझी आजी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधताना ज्या चेहऱ्याने बांधायची, तोच चेहरा न्यांगन्यांगचा पन्हळ पुसताना असायचा. एखाद्या वस्तूची इतक्या मनापासून राखण करणारी माणसं मला फार आवडतात.

आता बागेबद्दल. शहराच्या मध्यावर जनउद्यान आहे. १९११ साली खुली झालेली जुनी बाग. तिच्यात एक उंच दगडी मनोरा आहे. प्रांतातला रेल्वेमार्ग परकीय कर्जापायी हातचा जाऊ नये म्हणून १९११ मध्ये इथल्या लोकांनी जे आंदोलन केलं, त्यात मारल्या गेलेल्यांचं ते स्मारक. त्याच वर्षी चिंग राजवट कोसळायला जी कारणं घडली, त्यांतलं एक हे आंदोलन. मनोऱ्यापासून थोडं चाललं की तळ्याकाठी हमिंग चहागृह लागतं, १९२० च्या दशकापासूनचं. बांबूच्या हातांच्या खुर्च्या, बुटकी टेबलं, वर झाडांची सावली.

चहा मागवला की तीन वस्तू येतात: बशी, बिनकानाचा कप आणि झाकण. बशी म्हणजे पृथ्वी, कप म्हणजे माणूस, झाकण म्हणजे आकाश, असं सांगतात. पत्ती कपातच असते. गरम पाणी ओतायचं, झाकणाच्या कडेने पत्ती मागे सारायची आणि फटीतून घोट घ्यायचा. झाकण बशीवर तिरपं टेकवून ठेवलं की पाणी हवं आहे. झाकण खुर्चीवर ठेवलं की माणूस जरा उठून गेलाय, परत येणार आहे. मग ती खुर्ची कुणी घेत नाही. एकदा पैसे दिले की दिवस मावळेपर्यंत पाणी ओतून मिळतं, उठा असं कुणी म्हणत नाही.

चेंगडूचा आवडता चहा मोगऱ्याच्या वासाचा. हिरव्या पत्तीत रात्रभर मोगऱ्याच्या कळ्या मिसळून ठेवतात, सकाळी कोमेजलेली फुलं वेगळी करतात आणि पुन्हा ताजी घालतात. त्या फुलाला ते 'मोली' म्हणतात आणि हा शब्द आपल्या मल्लिकेवरून गेलेला आहे, असं अभ्यासक मानतात. झाड आपल्या बाजूचं, तिकडे गेलं आणि चहात उतरलं. चहा हा शब्द तिकडचा, इकडे आला आणि आपल्या दिवसाची सुरुवात होऊन बसला. बांबूच्या खुर्चीत बसून हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी कप दोन्ही हातांत धरून नुसती बसून राहिले होते.

या चहागृहात माणसं काय करतात? बसतात. पत्ते खेळतात, पेपर वाचतात, डुलकी काढतात. कान साफ करणारे लोखंडी चिमटा छेडत फिरतात, त्याची किणकिण ऐकून ज्याला हवं तो मान कलती करतो. सगळ्यात जास्त गप्पा मारतात. गप्पा मारणं याला त्यांच्या बोलीत 'मांडणं' अशा अर्थाचा एक वाक्प्रचार आहे. आपण गप्पांचा फड रंगवतो, ते मांडतात. त्या खुर्च्यांत मला भाषा आली. वर्गात शिकलेले चार स्वर तिथे निरुपयोगी ठरले, कारण सिचुआनी माणूस ते आपल्या लयीत बोलतो. 'चालेल' म्हणायला पुस्तकात काहीही असो, चेंगडूत 'याओदे' म्हणायचं.

तिथे एक निवृत्त इतिहासशिक्षक दर मंगळवारी यायचे. मी भारतातली म्हटल्यावर बागेतली बहुतेक वडीलधारी मंडळी 'तांग सेंग!' म्हणायची, म्हणजे भारतात जाऊन ग्रंथ घेऊन आलेला तांग काळातला भिक्षू, आपला युआन श्वांग. त्याची गोष्ट तिथे लहान मुलांनाही ठाऊक असते. गुरुजींनी मला पुढची गोष्ट सांगितली. स्वेई राजवट मोडली तेव्हाच्या धामधुमीत तरुण युआन श्वांग भावाबरोबर चेंगडूत आला होता आणि इ.स. ६२२ मध्ये याच शहरात त्याने भिक्षूची पूर्ण दीक्षा घेतली. मी गुरुजींना म्हटलं, मग हाच माणूस पुढे आमच्या महाराष्ट्रात आला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, ६४१ च्या सुमाराला. आमच्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की ही माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. गुरुजी मोठ्याने हसले आणि त्यांनी माझ्या कपात स्वतः पाणी ओतलं. शाळेत युआन श्वांगवर पाच ओळींची टीप मी कितीदा लिहिली असेल, पण तो चेंगडूतून निघालेला एक पोरगेला भिक्षू होता हे माझ्या मनाला त्या मंगळवारी कळलं. शहरातल्या वनशू मठात त्याच्या कवटीचा एक अंश जपून ठेवलेला आहे. पुढच्या आठवड्यात मी तिथे जाऊन हात जोडून आले.

गुरुजींना आणखी एक नाव ठाऊक होतं, के दीहुआ. हे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव. ते सोलापूरचे. १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथेच राहिले, तिथेच त्यांचा संसार झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी ते तिथेच गेले. मी सोलापूर कुठे आहे हे रुमालावर नकाशा काढून दाखवलं. गुरुजींनी तो कागदी रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

चेंगडूच्या हवेबद्दल सांगायला हवं. खोलगट मैदान, चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळे आभाळ वर्षभर मळकट. या भागातली कुत्री सूर्य दिसला की भुंकतात, अशी चिनी भाषेत जुनी म्हणच आहे. थंडीत एखाद्या दिवशी ऊन पडलं की अख्खं शहर बाहेर येतं. झाडाझाडांमध्ये दोऱ्या बांधून गोधड्या वाळत पडतात, अंगणात टेबलं मांडली जातात आणि माहजोंगच्या सोंगट्या खळखळायला लागतात. सिचुआनी माहजोंगमध्ये सोंगट्या १०८ असतात. जपमाळेइतक्या, असं मी न्यांगन्यांगना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग आम्हीही देवाचंच करतोय. ऊन म्हणजे सुटी, ही कल्पना कोकणात वाढलेल्या मला सुचलीच नसती. डिसेंबरात वाळवणंही निघतात. गॅलऱ्या-गॅलऱ्यांतून मसाला चोळलेलं मांस आणि सॉसेजच्या माळा नववर्षासाठी टांगलेल्या असतात. खालून चालताना ह्वाज्याओचा आणि धुराचा वास येतो. नववर्षाबद्दल फारसं लिहीत नाही, ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. एवढंच सांगते की आदल्या दिवशी झाडून-पुसून घर लख्ख करायचं आणि पहिल्या दिवशी केरसुणी हातात घ्यायची नाही, नाहीतर लक्ष्मी बाहेर जाते.

मला जास्त आठवतं ते बाळंतपण. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेला २०१२ च्या थंडीत मुलगी झाली. त्यानंतर महिनाभर ती घराबाहेर पडली नाही. 'महिना बसणं' असंच त्याला म्हणतात. गार पाण्यात हात नाही, वाऱ्यात जायचं नाही, डोक्याला टोपी, पायात जाड मोजे, केस धुवायचे की नाही यावरून सासू-सुनेची कुजबुज. खायला आंबवलेल्या गोड भाताच्या पाण्यात उकडलेली अंडी आणि दूध यावं म्हणून डुकराच्या पायांचं सूप. माझ्या डोळ्यांसमोर आमची शेक-शेगडी, ओव्याची धुरी, कानाला बांधलेलं फडकं आणि सव्वा महिना आला. आईने मला पार्सलने अळीव आणि डिंक पाठवला होता. मी लाडू वळून नेले. सुनेच्या सासूने एक लाडू फोडून वास घेतला, डिंक म्हणजे झाडाचा चीक हे मी खुणेने सांगितलं. त्यांच्याकडेही पीचच्या झाडाचा चीक भिजवून खातात. 'याओदे,' त्या म्हणाल्या आणि डबा आत गेला. महिना भरल्यावर मेजवानी झाली, आलेल्या प्रत्येकाच्या हातावर लाल रंगवलेलं अंडं ठेवलं. त्या मुलीला पहिल्यांदा मांडीवर घेणाऱ्या परक्या माणसांत मी होते, याचा मला अजून आनंद आहे.

२० एप्रिल २०१३. शनिवार. नवरा कामाला शांघायला गेला होता. सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी भिंतीतून गुरगुर आली आणि ओट्यावरची भांडी चालायला लागली. मला काही सुचेना. तेवढ्यात दार धडाधड वाजलं. न्यांगन्यांग, पायात सपाता, अंगात रात्रीचे कपडे. माझं मनगट धरून त्या ओरडल्या, 'क्वाय झोउ!' लवकर चल! रोज सावकाश जा म्हणणाऱ्या बाईंच्या तोंडून हा शब्द मी तेवढा एकदाच ऐकला. पाच मजले आम्ही कशा उतरलो आठवत नाही. त्यांची पकड आठवते. खाली अंगणात सगळी इमारत उभी होती. बाळ दुलईत, म्हातारे खुर्च्यांत. कुणीतरी माझ्या खांद्यावर कोट टाकला, कुणीतरी थर्मासमधलं गरम पाणी दिलं. तिथे कुठल्याही दुखण्यावर पहिला उपाय गरम पाणी हाच.

भूकंपाचं केंद्र शंभरेक किलोमीटरवर लूशान भागात होतं. तिकडे दोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या इमारतीला तडेही गेले नाहीत. पण त्या अंगणातल्या शांततेत पाच वर्षांपूर्वीची १२ मे होती. २००८ च्या त्या दुपारी ६९ हजारांहून अधिक माणसं मेली आणि हजारो कधी सापडलीच नाहीत. माझी आई मूळची चिपळूणची. १९६७ चा कोयनेचा भूकंप तिने पाहिला होता आणि त्याबद्दल ती दोन वाक्यांपलीकडे कधी बोलली नाही. न्यांगन्यांगही बोलल्या नाहीत. त्या दिवशी दुपारी त्यांनी मला त्यांच्याच घरी जेवायला बसवलं. बरणीजवळ जाऊन आधी पन्हळ बघितली. पाणी हिंदकळून सांडलं होतं. त्यांनी ते पुन्हा भरलं, मग भात लावला.

पुढच्या महिन्यात त्या आम्हा दोघांना बहिणीकडे घेऊन गेल्या. बहीण दूच्यांगयान गावात राहते, वेगवान गाडीने चेंगडूपासून अर्धाएक तास. २००८ मध्ये तिचं घर पडलं, ती त्या वेळी शेतात होती म्हणून वाचली. आता नव्या इमारतीत राहते. जेवणं झाल्यावर ती आम्हाला नदीवर घेऊन गेली आणि तिथे माझ्या नवऱ्याची जी अवस्था झाली ती बाजारात तिरफळापाशी झालेल्या माझ्या अवस्थेसारखीच होती.

डोंगरांतून मिन नदी खाली उतरते आणि मैदानाच्या तोंडाशी येते. पूर्वी दरवर्षी पूर, नाहीतर दुष्काळ. इ.स.पूर्व २५६ च्या सुमाराला ली बिंग नावाच्या सुभेदाराने तिथे धरण बांधलं नाही. नदीच्या मध्ये माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घालून प्रवाह दुभंगला. बाहेरचा फाटा पुराचं पाणी घेऊन जातो, आतला मैदानाला देतो. आतला फाटा खोल आणि बाहेरचा रुंद आहे, म्हणून पाणी कमी असताना जास्त वाटा शेताला मिळतो आणि पूर आला की जास्त वाटा बाहेर निघून जातो. पुढे एक बुटका सांडवा, त्यावरून वळणाच्या जोराने वाळू आणि दगडगोटे बाहेर फेकले जातात. शेवटी डोंगर फोडून केलेली वीसेक मीटर रुंदीची खिंड, बाटलीच्या गळ्यासारखी, तिच्यातून मावेल तेवढंच पाणी आत जातं. सुरुंगाची दारू अजून जन्मली नव्हती. खडक आगीने तापवायचा आणि त्यावर गार पाणी ओतायचं, अशा रीतीने तो फोडला. बांध बांबूच्या पिंजऱ्यांत दगड भरून घातले होते. पाणी मोजायला नदीत दगडी माणसं उभी केली होती: पाणी त्यांच्या पावलांखाली जाऊ नये आणि खांद्यांवर चढू नये. इ.स. १६८ मध्ये घडवलेली ली बिंगची अशीच एक दगडी मूर्ती १९७४ साली नदीच्या पात्रात सापडली. २००८ च्या भूकंपात गाव आणि काठावरचं देऊळ ढासळलं, पण पाणी वाहत राहिलं. आज सहा लाखांहून अधिक हेक्टर जमीन त्या पाण्यावर भिजते.

नवरा तिथल्या झुलत्या पुलावर कठड्याला धरून कितीतरी वेळ उभा होता. मग म्हणाला, 'हे तर आपल्या पांझरेवरचे फड!' साक्रीकडे नदीत लहान बंधारे घालून, पाट काढून, गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. त्याचे आजोबा पाटकरी होते. पाटातला गाळ दर हंगामाआधी सगळ्या गावाने काढायचा, हा तिथला नियम. दूच्यांगयानलाही नियम तोच, तळ खोल उपसा आणि सांडवा बुटका ठेवा. इतकी शतकं दर हिवाळ्यात लोक गाळ काढत आलेत. आपल्याकडचे बरेच फड आज मोडून पडले, याचं दुःख त्याने त्या पुलावर पहिल्यांदा बोलून दाखवलं.

त्या दिवशी मला चेंगडूची उसंत कळली. त्या बांबूच्या खुर्च्या, ते दिवसभराचे चहा, उन्हातलं माहजोंग याला बरेच लोक आळस म्हणतात, चीनच्या इतर प्रांतांतलेसुद्धा. माझं मत असं की ती उसंत कमावलेली आहे. ज्या मैदानाला बावीस शतकं पाणी वेळेवर मिळालं, त्याच्याकडे बसायला वेळ आहे. आणि ते पाणी वेळेवर मिळतं कारण कुणीतरी दरवर्षी न चुकता गाळ उपसतं.

जुलै २०१४ मध्ये आम्ही निघालो. न्यांगन्यांगनी बाजारातून माझ्यासाठी वीतभर उंचीची पन्हळीची बरणी आणली, धुतली, उन्हात वाळवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळली. सासूच्या हातचं पाणी एका बाटलीत भरून झाकणाभोवती चार पदर चिकटपट्टी लावली. बॅगा खाली गेल्या. मी त्यांच्या पाया पडले. हे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी मला उठवून जवळ घेतलं. जिन्याच्या वळणावर आवाज आला, 'मान झोउ हा!'

आता आम्ही नाशकात राहतो. बरणी ओट्याखाली आहे. तिच्यात सध्या मुळा, आल्याचे तुकडे आणि चवळीच्या शेंगा आहेत, ह्वाज्याओ संपल्यापासून कुडाळची तिरफळं घालते, आणि चव जरा बदलली तरी बरणी रात्री बोलते. त्या पाण्याचं विरजण मी आजवर सहा घरी दिलं. तुम्हाला हवं असेल तर धुऊन कोरडी केलेली बाटली घेऊन या. तेलाचा हात मात्र लावू नका.